बाटली विरघळते, पिशवी का नाही?

मागच्या अंकात प्लास्टिक पचवणाऱ्या जंतूंची माहिती आली आणि पत्रांचा ढीग लागला. बरेच प्रश्न एकसारखे होते, म्हणून निवडक प्रश्नांनाच उत्तरे देत आहोत. एन्झाइमला इथे ‘विकर’ म्हटले आहे. शाळेच्या पुस्तकात हाच शब्द आहे.

प्रश्न : जपानमध्ये प्लास्टिक खाणारा जिवाणू सापडल्याचे २०१६ पासून वर्गात सांगतो आहे. आता मुले विचारतात, मग गोदावरीच्या काठावरच्या बाटल्या अजून तशाच का? काय सांगू?
— माध्यमिक शिक्षक, नाशिक

उत्तर : जिवाणू खरा आहे आणि बातमीही खरी होती. फक्त तिच्यातला एक शब्द बहुतेक ठिकाणी गळून पडला. ओसाकाजवळच्या साकाई शहरात बाटल्यांच्या पुनर्वापराच्या ठिकाणाहून गाळ, माती, सांडपाणी असे २५० नमुने घेतले होते. त्यांतून ‘आयडिओनेला साकाएन्सिस’ हा जिवाणू मिळाला. ३० अंश सेल्सिअसला त्याने पेटचा (पीईटी, म्हणजे पाण्याच्या बाटलीचे प्लास्टिक) पातळ पापुद्रा सहा आठवड्यांत जवळजवळ संपवला. गळलेला शब्द म्हणजे ‘अस्फटिकी’, ज्यात रेणू ओळीने घट्ट बसलेले नाहीत असा. त्या पापुद्र्यात स्फटिकी भाग जेमतेम १.९ टक्के होता. पाण्याच्या बाटलीच्या भिंतीत तो ३० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतो.

पेट म्हणजे टेरेफ्थॅलिक आम्ल आणि इथिलीन ग्लायकॉल यांची एकाआड एक गुंफलेली लांब साखळी. दोघांमधली गाठ एस्टर बंधाची. या जिवाणूकडे दोन विकरे आहेत. पेटेझ साखळीचे तुकडे पाडते, मेहेटेझ त्या तुकड्यांतून आम्ल आणि ग्लायकॉल वेगळे करते. साखळ्या विस्कटलेल्या सुतासारख्या पडल्या असतील तर विकराला गाठ सापडते. पिळून बसवलेल्या दोरखंडासारख्या असतील तर नुसता पृष्ठभाग चाटण्यापलीकडे त्याला काही जमत नाही. बाटली फुगवताना प्लास्टिक ताणले जाते आणि साखळ्या नेमक्या तशाच ओळीने, घट्ट बसतात.

वर्गात दाखवायचे असेल तर रिकामी बाटली बादलीत उभी धरून तिच्यात उकळते पाणी ओता. हे शिक्षकांनीच करावे, मुलांनी नाही. भिंती आक्रसून वेड्यावाकड्या होतील. साधारण ७० अंशांच्या पुढे पेटच्या साखळ्या ढिल्या होतात आणि ताणलेला भाग मागे यायला बघतो. हा ७० चा आकडा मुलांना लिहून घ्यायला सांगा, कारण पुढच्या काही उत्तरांत तो डोकावणार आहे. गोदाकाठचे पाणी कधी ७० अंशांना जात नाही आणि तिथली बाटली अस्फटिकी नाही. मुलांच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच.

प्रश्न : आमचे पेट बाटल्यांचे फ्लेक (बारीक तुकडे) करण्याचे छोटे युनिट आहे. पांढऱ्या पारदर्शक फ्लेकला गिऱ्हाईक आहे, हिरव्या-तपकिरी मालाला भाव मिळत नाही. विकराने प्लास्टिक विरघळवणारे यंत्र आपल्याकडे बसवता येईल का? त्यात नेमके काय काय लागते?
— उद्योजक, मालेगाव

उत्तर : आधी निकाल सांगतो, मग हिशेब. आजच्या घडीला छोट्या युनिटने यात पैसे घालू नयेत. पण हिशेब समजून घ्या. तुमचाच माल उद्या अशा कारखान्याला जाऊ शकतो आणि तो कसा लागेल हे आतापासून माहीत असलेले बरे.

उद्योगात आयडिओनेला वापरत नाहीत. तो जिवाणू तयार झालेले आम्ल स्वतःच खातो, म्हणजे माल गिळणारा कामगार. शिवाय त्याचे विकर ४० अंशांजवळ मान टाकते. म्हणून नुसते विकर घेतात, तेही दुसरे. ओसाकाजवळच्याच सुइता इथल्या एका उद्यानात पाने आणि फांद्यांच्या कंपोस्टमधून एका विकराचे जनुक मिळाले, त्याचे वर्णन २०१२ मध्ये आले. त्याला एलसीसी म्हणतात. कंपोस्ट तापते, त्यामुळे हे विकर मुळातच उष्णता सोसणारे. फ्रान्समधल्या तुलूजच्या संशोधकांनी आणि कार्बियोस या कंपनीने त्यातले चार दुवे (अमिनो आम्ले) बदलले. एप्रिल २०२० मध्ये जाहीर झालेल्या निकालानुसार ७२ अंशांना, १० तासांत, ९० टक्के पेट सुटे झाले. विकराची मात्रा होती दर ग्रॅम पेटला ३ मिलिग्रॅम आणि मिश्रणात पेट होते दर किलोला २०० ग्रॅम.

हेच एक टन फ्लेकला लावू. टाकीत १ टन पेट आणि ४ टन पाणी, वर ३ किलो शुद्ध विकर. ९० टक्के काम झाले असे धरले तर साधारण ७८० किलो टेरेफ्थॅलिक आम्ल आणि २९० किलो इथिलीन ग्लायकॉल. दोन्हींची बेरीज ९०० किलोंच्या वर जाते म्हणून चक्रावू नका. गाठ सोडताना पाण्याचा रेणू त्यात जोडला जातो, ते वजन पाण्याचे.

आम्ल सुटू लागले की टाकीचा सामू (पीएच) उतरतो आणि विकर थंडावते. सामू ८ च्या आसपास टिकवायला सतत कॉस्टिक सोडा सोडावा लागतो, या घाण्याला सुमारे ३७५ किलो. मग विरघळलेले आम्ल परत घट्ट रूपात काढायला सल्फ्युरिक आम्ल, सुमारे ४६० किलो. यातून सोडियम सल्फेट तयार होते जवळपास ६६५ किलो. म्हणजे ७८० किलो मालामागे जवळजवळ तितकेच मीठ, तेही पाण्यात विरघळलेले. ग्लायकॉलही त्याच पाण्यात बसलेले असते आणि ते १९७ अंशांना उकळते. ते वेगळे करायचे म्हणजे आधी टनावारी पाणी उडवायचे. वर्तमानपत्रे विकराची किंमत सांगतात. बॉयलर आणि मिठाच्या पाण्याचा निचरा या दोन खर्चांबद्दल कोणी बोलत नाही.

आता तयारीचा टप्पा, जिथे खरी गोम आहे. फ्लेक जसाच्या तसा टाकीत टाकला तर स्फटिकी असल्यामुळे विकर अडते. म्हणून तो एक्स्ट्रूडरमध्ये (प्लास्टिक वितळवून छिद्रातून दाबून काढणारे यंत्र) २५०–२६० अंशांच्या पुढे नेऊन वितळवतात, बारीक धारेने काढतात आणि लगेच थंड पाण्यात बुडवतात. झटकन गार झाले की साखळ्यांना ओळीत बसायला वेळ मिळत नाही. नंतर अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक दळतात. इथे हमखास होणाऱ्या चुका अशा :

धार जाड काढली तर बाहेरून गार, आतून मात्र सावकाश थंड होते आणि गाभा स्फटिकी राहतो. रंगहीन मालात हे डोळ्यांना दिसते. दोरी मोडून पाहा, आत दुधाळ पांढरे दिसले तर ती फुकट. दळताना चक्की तापली आणि भुगा ७० च्या वर बराच वेळ राहिला, तर दळण्यातच तो पुन्हा स्फटिकी होऊ लागतो. फ्लेक ओला असताना वितळवला तर पाण्याने साखळ्या तुटून आखूड होतात. सुताच्या कारखान्याला असा माल चालत नाही. विकराला आखूड साखळीचे वावडे नसले तरी आखूड साखळ्या लवकर स्फटिकी होतात, त्यामुळे गार करण्याची घाई आणखी वाढते. तेव्हा सुकवण्याचा टप्पा इथेही सुटत नाही.

७२ हाच आकडा का, असे कोणी विचारेल. खाली गेलात तर साखळ्या ताठ, वर गेलात तर उरलेले पेट टाकीतच भराभर स्फटिकी होते. शर्यत आहे ती. विकराने १० तासांत काम उरकले तर ठीक, नाहीतर शेवटचा भाग हाताला लागत नाही. ते १० टक्के शिल्लक राहतात ते यामुळेच.

पीव्हीसीचे काय? तुम्हाला तो शत्रू माहीतच आहे. पीव्हीसी आणि पेट यांची घनता जवळपास सारखी, १.३ ते १.४ च्या दरम्यान, त्यामुळे पाण्याच्या टाकीत दोन्ही बुडतात. झाकणाचे पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिथिलीन तरंगते म्हणून सहज निघते, पीव्हीसीची बाहेरची स्लीव्ह (बाटलीवरचे छापील वेष्टन) निघत नाही. विकर पीव्हीसीला हात लावत नाही हे खरे, पण तो टाकीत पोचण्याआधी एक्स्ट्रूडर आहे आणि तिथे पीव्हीसी जळून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सोडते. स्क्रू आणि बॅरल खाल्ले जातात. म्हणून स्लीव्ह धुण्याआधीच, हाताने किंवा यंत्राने, काढलेली बरी.

या वाटेचा फायदा तुमच्या हिरव्या-तपकिरी मालालाच आहे. आम्ल गाळून, शुद्ध करून घेतले की रंग मागे राहतो आणि हाती येणारा माल नव्यासारखा असतो. स्वच्छ पारदर्शक फ्लेक मात्र वितळवून सूत काढणे हेच स्वस्त आणि शहाणपणाचे. तो विकराला घालणे म्हणजे धडधाकट भिंत पाडून तिच्याच विटा परत रचणे. कार्बियोसने फ्रान्सच्या ईशान्येला लाँगलाव्हिल इथे वर्षाला ५०,००० टनांच्या कारखान्याचे काम २०२४ मध्ये सुरू केले, पण पैशांची जुळणी लांबली आणि काम पुढे ढकलले गेले. एवढ्या मोठ्या घाण्यालाही गणित जड जाते, यावरून छोट्या युनिटचा अंदाज करा. तोवर रंगीत फ्लेक रंगवार वेगळा, कोरडा आणि पीव्हीसीमुक्त ठेवण्याची शिस्त लावून घ्या. पट्टी आणि रंगीत सूत काढणारे आजही तसाच माल मागतात.

प्रश्न : थर्माकोल खाणाऱ्या अळ्या घरी पाळून मखराचा थर्माकोल संपवता येईल का?
— वाचक, डोंबिवली

उत्तर : मीलवर्म म्हणजे पीठकिड्याची अळी थर्माकोल कुरतडते, हे २०१५ मध्ये दाखवले गेले. १०० अळ्या दिवसाला ३४ ते ३९ मिलिग्रॅम. एक किलोचे मखर आणि १०० अळ्या असा मांड मांडलात तर सत्तर वर्षांवर जातील. दहा हजार पाळल्या तर नऊ महिने, पुढचा गणपती यायच्या सुमारास. खाल्लेल्यातला साधारण अर्धा भाग कार्बन डायऑक्साइड होतो. विष्ठेत थर्माकोलचे बारीक कण उरतात, त्यांचे करायचे काय हा नवा प्रश्न. शिवाय पिठाच्या डब्यात ही अळी शिरली तर घरात काय ऐकून घ्यावे लागेल ते आम्ही सांगायला नको.

दुसरी अळी मेणकिड्याची. २०१७ मध्ये तिने पॉलिथिलीनच्या पिशवीला भोके पाडल्याची बातमी गाजली. तिच्या लाळेतली विकरे पॉलिथिलीनवर काम करतात असा दावा २०२२ मध्ये झाला, त्यावर वाद चालू आहेत. पण ही अळी मधमाशीपालकांची जुनी वैरीण आहे, पोळ्यातले मेण पोखरते. महाबळेश्वरच्या बाजूला किंवा कुठेही मधपेट्या असतील तिथे ती मुद्दाम आणू नका.

प्रश्न : आमच्या सोसायटीने ओल्या कचऱ्यासाठी ‘कंपोस्टेबल’ पिशव्या घेतल्या. चार महिने झाले, खत तयार आहे पण पिशव्यांच्या चिंध्या तशाच. फसवले गेलो का?
— सोसायटीच्या सचिव, कोथरूड, पुणे

उत्तर : कदाचित फसवले असेल, कदाचित नसेल. पिशवीवर काय छापले आहे ते आधी बघा. भारतात अशा पिशवीवर ‘कंपोस्टेबल’ हा शब्द, उत्पादकाचे नाव आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक हवा. मानक आयएस/आयएसओ १७०८८. ‘ऑक्सो’, ‘डिग्रेडेबल’ किंवा नुसते ‘इको’ लिहिले असेल तर ती बहुधा साधी पॉलिथिलीनची पिशवी, तिच्यात धातूंचे क्षार घातलेले. उन्हात तिचे तुकडे होतात, तुकडे मातीत राहतात. युरोपीय संघाने अशा मालावर जुलै २०२१ पासून बंदी घातली आहे.

क्रमांक खरा असेल तर दोष खड्ड्याचा. त्या मानकाची चाचणी ५८ अंशांच्या आसपास होते. १२ आठवड्यांनी २ मिलिमीटरच्या चाळणीवर दहा टक्क्यांपेक्षा जास्त उरता कामा नये, आणि १८० दिवसांत ९० टक्के कार्बन वायुरूप व्हायला हवा. एवढी उष्णता का लागते? पिशवीतला एक मुख्य घटक पॉलिलॅक्टिक आम्ल असतो, ज्याला पीएलए म्हणतात, आणि त्याच्या साखळ्या ढिल्या होण्याचे तापमान आहे ५५ ते ६०. नाशिकच्या शिक्षकांना दिलेला ७० चा आकडा पेटचा, हा पीएलएचा. गोष्ट तीच. सोसायटीच्या ड्रममध्ये किंवा कमरेएवढ्या टोपलीत तापमान बहुधा ४५ च्या पुढे फार दिवस टिकत नाही. त्यात पिशवी राहणारच.

करता येण्याजोगे असे : ढीग लांबी, रुंदी आणि उंचीला किमान एक-एक मीटर ठेवा. त्याहून छोटा ढीग उष्णता धरत नाही. एक घमेले ओला कचरा, दोन घमेली वाळका पालापाचोळा. मुठीत घट्ट दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब यावा, धार लागली तर पाणी जास्त आहे आणि ढीग आंबून थंड पडतो. धातूच्या दांड्याचा थर्मामीटर मधोमध खुपसून रोज एकाच वेळी आकडा लिहा. ५५ च्या वर सलग काही दिवस जात नसेल तर पिशव्या त्यात घालूच नका. पिशव्या अख्ख्या, गाठ मारून टाकू नयेत. गाठ सोडून, फाडून, ढिगाच्या मध्यावर टाकाव्यात, कडेला नाही.

पिशवीचीच परीक्षा घ्यायची असेल तर ५ सेंटिमीटरचे दहा तुकडे कांद्याच्या जाळीच्या पिशवीत बांधा, सुतळीचे टोक बाहेर ठेवून ढिगाच्या पोटात पुरा, दर पंधरवड्याला ओढून बघा. बारा आठवड्यांत ढीग तापलेला आणि तुकडे शाबूत असतील, तर तुमच्या वहीतले तापमान आणि ती जाळी घेऊन दुकानदाराकडे जा. ओल्या कचऱ्याच्या डब्याला वर्तमानपत्राचे अस्तर लावले तर हा सगळा व्याप वाचतो, हेही सांगून ठेवतो.

प्रश्न : आमच्या शहरातल्या डम्पिंग ग्राउंडवर ठेकेदार ‘कल्चर’ फवारतो आणि जंतू प्लास्टिक खातील असे सांगतो. खरे आहे का?
— नागरिक, कल्याण

उत्तर : नाही. जुन्या कचऱ्याचे बायोमायनिंग करताना ढिगाऱ्याचे बांध घालतात, कल्चर फवारतात, दर आठवड्याला उलथतात. त्यात कुजणारा भाग कुजतो, ओल कमी होते, वास बसतो आणि माती प्लास्टिकपासून सुटून येते, म्हणून पुढे फिरत्या चाळणीतून दोन्ही वेगळे करता येतात. कल्चरचे काम तेवढेच आणि ते उपयोगी आहे. वेगळे निघालेले प्लास्टिक बहुधा सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जाते. ढिगातले बहुतांश प्लास्टिक म्हणजे पिशव्या, म्हणजे पॉलिथिलीन. तिथे एस्टरची गाठच नाही. कार्बनला कार्बन जोडलेली सलग साखळी, विकराला चावा घ्यायला जागा नाही. ठेकेदाराला दोनच गोष्टी विचारा : चाळणीतून किती टन प्लास्टिक निघाले आणि ते कुठे पाठवले. जंतूंनी खाल्ले असेल तर पहिला आकडा शून्य असायला हवा आणि दुसऱ्या प्रश्नाला उत्तरच नसायला हवे.

प्रश्न : कापसाबरोबर पॉलिस्टर मिसळलेल्या कापडाच्या कतरणीला विकराचा उपयोग आहे का?
— यंत्रमागधारक, इचलकरंजी

उत्तर : पॉलिस्टर म्हणजे पेटच, त्यामुळे रसायन तेच. अडचणी वेगळ्या. सूत ओढून आणि तापवून घट्ट केलेले असते, म्हणजे बाटलीसारखेच स्फटिकी. आधी वितळवून गार करणे आले. पण मिश्र कापडातला कापूस वितळत नाही, एक्स्ट्रूडरमध्ये करपतो. म्हणून कापूस आधी काढावा लागतो, सेल्युलेझ विकराने साखर करून किंवा सौम्य आम्लाने भुसभुशीत करून. त्यानंतर रंग, कांजी, फिनिशिंगची रसायने, आणि स्ट्रेच कापडात इलॅस्टेन (ताणला जाणारा धागा). १०० टक्के पॉलिस्टरच्या कपड्यांवर युरोपात प्रगती झाली आहे. कार्बियोसने ऑक्टोबर २०२४ मध्ये कापडाच्या कचऱ्यापासून पूर्णपणे विकराच्या वाटेने केलेला पांढरा टी-शर्ट दाखवला. मिश्र कापड अजून त्या पायरीवर नाही.

तुमच्याकडून एक होऊ शकते. कतरण मागावरच वेगळी ठेवा. शंका आली तर चिमट्यात धागा धरून जाळा. पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो, कापूस कागदासारखा वास देत राख होतो, मिश्र धाग्यात दोन्ही दिसते. एकदा पोत्यात सगळे एकत्र गेले की कुठलेच विकर ते निस्तरत नाही.

प्रश्न : असे जंतू बाहेर निसटले तर आपल्या पाण्याच्या टाक्या आणि पाइप खातील का? आणि समुद्रात सोडले तर कचरा साफ होईल का?
— वाचक, म्हापसा, गोवा

उत्तर : दोन्हींचे उत्तर नाही, आणि कारण एकच आहे. टाक्या पॉलिथिलीनच्या, पाइप पीव्हीसीचे, समुद्रावर तरंगतो तो कचरा बहुतेक पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीनचा. पेट तर बुडते. अरबी समुद्राचे पाणी तिशीच्या आसपास, आणि टाकीत ३ किलोने होणारे काम समुद्रात विरून जाते.

प्रश्न : सूक्ष्मजीवशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. कचरा डेपोच्या मातीतून प्लास्टिक पचवणारे जिवाणू शोधण्याचा प्रकल्प घेतला आहे. पिशवीचा तुकडा माध्यमात ठेवून वजन घटले की झाले, असे सीनियर सांगतात. पद्धत बरोबर आहे का?
— विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : सीनियरांची पद्धत सोपी आहे, म्हणूनच तिने सगळ्यांना ‘यश’ मिळते. आपल्याकडच्या स्वस्त पिशव्यांत खडूची भुकटी भरलेली असते. जिवाणूंनी सोडलेल्या आम्लात पृष्ठभागावरचा खडू विरघळतो, वजन घटते आणि पॉलिथिलीन जागच्या जागी असते. शिवाय रंग आणि मऊपणासाठी घातलेली द्रव्येही जिवाणू खातात. पिशवी घ्यायचीच असेल तर तिचा तुकडा धूरकपाटात (फ्यूम हूड) मुशीत जाळून बघा. पांढरी राख उरली तर ती पिशवी बाद.

आम्ही सुचवू ते असे. पिशवी सोडा, एस्टरवाले प्लास्टिक घ्या.

पहिली चाळणी पॉलिकॅप्रोलॅक्टोनच्या प्लेटवर, याला पीसीएल म्हणतात. एक लिटर पाण्यात अमोनियम नायट्रेट १ ग्रॅम, डायपोटॅशियम हायड्रोजन फॉस्फेट १ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ०.२ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.१५ ग्रॅम, कॅल्शियम क्लोराइड ०.१ ग्रॅम, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट ०.१ ग्रॅम, अगार १५ ग्रॅम. हे ऑटोक्लेव्ह करून ६० अंशांपर्यंत उतरू द्या. १ ग्रॅम पीसीएल ५० मिलिलिटर कोमट अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून बारीक धारेने, जोरात ढवळत त्यात सोडा. माध्यम दुधाळ व्हायला हवे. काम धूरकपाटात, जवळपास बर्नर नको; अ‍ॅसिटोनची वाफ लांबूनही पेट घेते. पीसीएल घालून ऑटोक्लेव्ह करू नका, ते ६० ला वितळते आणि वर गोळे तरंगतात.

१० ग्रॅम माती ९० मिलिलिटर ०.८५ टक्के मिठाच्या पाण्यात, मग दहापट-दहापट पातळ करत हजारावा ते लाखावा हिस्सा घ्या. प्रत्येकी ०.१ मिलिलिटर पसरवा, ३० अंशांना तीन ते दहा दिवस. वसाहतीभोवती स्वच्छ वर्तुळ दिसले म्हणजे पीसीएल तुटले. इथे आनंद आवरा. पीसीएल हे मऊ भक्ष्य आहे, साधी चरबी पचवणारी लायपेझ विकरेही ते तोडतात. ही फक्त पुढच्या फेरीची निवड.

दुसरी फेरी पेटची. बाटली घेऊ नका. स्ट्रॉबेरी किंवा केक ज्या पारदर्शक डब्यात येतो तो घ्या, तळाशी त्रिकोणात १ आकडा आहे ना ते पाहून. तो डबा बाटलीसारखा ताणलेला नसतो, बराचसा अस्फटिकी असतो. तळाच्या सपाट भागातून १ बाय २ सेंटिमीटरचे तुकडे कापा. पाव मिलिमीटर जाडीला एकेक ६५ मिलिग्रॅमच्या आसपास भरेल. निर्जंतुक करायला ७० टक्के अल्कोहोलमध्ये अर्धा तास, मग दोन्ही बाजूंना १५-१५ मिनिटे अतिनील दिवा. ऑटोक्लेव्हमध्ये टाकलात तर १२१ अंशांना तुकडा दुधाळ होऊन बाहेर येईल. तो स्फटिकी झाला आणि प्रकल्प तिथेच संपला. बऱ्याच प्रकल्पांत हीच चूक असते.

फ्लास्क चार प्रकारचे, प्रत्येकी तीन : जिवाणू आणि तुकडा, नुसता तुकडा, नुसते जिवाणू, मारलेले जिवाणू आणि तुकडा. अगार आणि पीसीएल न घालता तेच माध्यम, ३० अंश, सहा आठवडे. शेवटी तुकडा २ टक्के एसडीएसमध्ये (साबणासारखे द्रव्य) चार तास, मग ऊर्ध्वपातित पाण्याने तीनदा धुवा, नाहीतर चिकटलेल्या जैवथराचेच वजन कराल. ५० अंशांना रात्रभर सुकवून ०.१ मिलिग्रॅम वाचणाऱ्या तराजूवर तीन-तीनदा मोजा. ६५ मध्ये अर्ध्या मिलिग्रॅमचा फरक हा तराजू आणि धुण्याच्या चुकांतही येतो, त्यावर निष्कर्ष काढू नका.

वजनाला जोड म्हणून वरचे पाणी सेंट्रिफ्यूज करून २४० नॅनोमीटरला शोषण पाहा. टेरेफ्थॅलिक आम्ल तिथे दिसते. प्रथिनेही तिथे थोडी दिसतात, म्हणून ‘नुसते जिवाणू’ फ्लास्कचा आकडा वजा करा. उलटा धोकाही आहे. तुमचा जिवाणू आयडिओनेलासारखा ते आम्ल खाणारा निघाला तर पेट तुटूनही शोषण वाढणार नाही. त्यासाठी एक जादा फ्लास्क लावा. त्यात तुकडा नको, यीस्ट एक्स्ट्रॅक्टही नको, दर लिटरला अर्धा ग्रॅम सोडियम टेरेफ्थॅलेट हाच एकमेव आहार. तिथे वाढ झाली तर शोषणाच्या आकड्यावर विसंबू नका, वजन आणि सूक्ष्मदर्शकाखालचे खड्डे पाहा.

डेपोच्या मातीत रोगजंतू असतात हे गृहीत धरा. हातमोजे घाला, प्लेटा झाकण उघडून हुंगू नका, आणि टाकण्यापूर्वी सगळे १२१ अंशांना अर्धा तास ऑटोक्लेव्ह करा. तेव्हा मात्र तुकडे दुधाळ झाले तरी हरकत नाही.